प्लंबरची भक्तमंडळी

माणसाची निष्ठा कुठे जाऊन बसेल याचा काही नेम नाही. आमच्या आळीतल्या एका सद्गृहस्थांनी चाळीस वर्षं एकाच न्हाव्याकडे केस कापले. पुढे केस संपले, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दुकानात जाऊन बसायचे ते बसायचेच. पेपर वाचायचा, न्हाव्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची नि घरी यायचं. ही निष्ठा मला समजते. न्हाव्याला चेहरा आहे, त्याच्या दुकानाला पायरी आहे, भांडण झालंच तर दुसऱ्या दिवशी जाऊन मिटवता येतं. पण सात समुद्रापलीकडची एक कंपनी, जिने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही, तिच्यावर माणूस जीव टाकतो म्हणजे काय?

हा प्रश्न मला आमच्या भाच्यामुळे पडला. वय वर्षं चाळीस, हिंजवडीत नोकरी, डोक्यावर घराचं कर्ज, गुडघे कुरकुरायला लागलेले. पण पायात मोजे कसले, तर लाल टोपी घातलेल्या मिशाळ प्लंबरचं चित्र विणलेले. हा प्लंबर म्हणजे मारिओ आणि तो ज्या घरचा, ती कंपनी निन्टेन्डो. परवा जेवताना भाचा एकदम म्हणाला, "मामा, आमच्यासारख्यांना ही कंपनी धरून राहील का हो?" मुलगा अमेरिकेत गेल्यावर आईबापांचा लागतो तसला स्वर होता तो. वरणाचा भुरका अर्धाच राहिला. तेव्हापासून मी या कंपनीची कुळकथा वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर काही ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा ती जास्त रंगतदार निघाली.

1889 साली क्योटोमध्ये फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने पत्ते तयार करायचं दुकान काढलं. आपले इस्पिक-बदाम नव्हेत. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. एकूण 48, बारा महिन्यांचे चार-चार. मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवतावर उगवलेला चंद्र, असलं नाजूक काम. एवढ्या नाजूक पत्त्यांवर जपानी माणसं काय करीत, तर जुगार खेळत. मुरलेला जुगारी वापरलेल्या पत्त्यांना हात लावत नाही, त्याला प्रत्येक बैठकीला कोरा जोड लागतो. तेव्हा या कंपनीचे पहिले निष्ठावंत कोण, याचं उत्तर आताच्या सोज्वळ जाहिरातीत सापडायचं नाही. 'निन्टेन्डो' या नावाचा अर्थही 'नशीब आभाळावर सोपवा' असा काहीसा सांगतात. जुगाराचं सामान विकणाऱ्याने याहून प्रामाणिक पाटी ती काय लावायची?

फुसाजिरोला मुलगा नव्हता, म्हणून त्याने जावई दत्तक घेऊन त्याला आपलं आडनाव दिलं. त्या जावयालाही मुलगा झाला नाही. त्यानेही तोच मार्ग धरला, पण हा दुसरा जावई संसार टाकून निघून गेला. मागे राहिला त्याचा मुलगा हिरोशी. 1949 मध्ये आजोबा अंथरुणाला खिळले नि विशीतला हा नातू कॉलेज सोडून गादीवर बसला. बसताना अट घातली की कारखान्यात घरातला दुसरा कोणी नको. वडीलधाऱ्या चुलतभावाला नारळ मिळाला. आपल्याकडे असल्या भाऊबंदकीवर पाच अंकी नाटक झालं असतं. तिथे कंपनी झाली.

या हिरोशी यामाउचीने पुढे त्रेपन्न वर्षं, 2002 पर्यंत, राज्य केलं. 1959 साली डिस्नेची चित्रं छापलेले पत्ते काढले, ते खपले. मग टॅक्सी चालवून पाहिल्या, पाणी घालून खायचा भात विकून पाहिला, ते बुडालं. स्वतः व्हिडिओ गेम खेळण्यात त्याला काडीचा रस नव्हता. तो 'गो' खेळायचा. मिठाईवाला घरी जाऊन भाकरी-पिठलं खातो, त्यातलाच प्रकार. पण कोणतं खेळणं चालेल हे तो नुसतं बघून सांगायचा. कारखान्यात यंत्रांची देखभाल करणाऱ्या गुन्पेई योकोई नावाच्या कारागिराने फावल्या वेळात लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक चिमटा बनवला होता. यामाउचीने तो पाहिला. कामाच्या वेळेत खेळणी करतोस म्हणून त्याला घरी पाठवायचं सोडून, हे विकायला काढ म्हणाला. 1966 साली त्या चिमट्याचे दहा लाखांवर नग गेले.

या योकोईचं तत्त्व मला फार आवडलं. तो म्हणायचा की जुनं, पडून राहिलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते नव्याच कामाला लावायचं. आपल्या घराघरांतल्या बायका फोडणीची पोळी करताना दुसरं काय करतात? 1989 साली त्याने गेम बॉय काढला. दुसऱ्या कंपन्यांचे रंगीत पडदे झळकत होते नि याचा पडदा शेवाळी, त्यावर काळपट ठिपके. पण रंगीतवाल्यांचे सहा-सहा सेल काही तासांत मान टाकायचे आणि याचे चार सेल मुंबईहून निघालेल्या माणसाला नागपूरला पोहोचवतील इतके टिकायचे. पुढच्या रंगीत भावंडासकट अकरा कोटींवर गेम बॉय खपले. लोकांना रंग हवा होता हे खरं, पण त्याआधी खेळ संपेपर्यंत दिवा चालू राहायला हवा होता.

मारिओचा जन्म मात्र शुद्ध अडचणीतून झाला. अमेरिकेला पाठवलेल्या एका खेळाची यंत्रं कोणी घेईना, दोनेक हजार पेट्या गोदामात पडून. शिगेरू मियामोतो नावाच्या नवख्या चित्रकाराला सांगितलं की या पेट्यांत घालायला काहीतरी दुसरं कर. त्याने 1981 मध्ये 'डाँकी काँग' केला. पडदा इतका बारीक की माणसाचं तोंड काढता येईना, म्हणून मिशी. केस हलताना दाखवता येईनात, म्हणून टोपी. आणि नाव? वॉशिंग्टन राज्यातल्या त्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले, त्यांचंच नाव त्याला चिकटलं. घरमालकाचं नाव खेळण्यातल्या माणसाला देण्याची बुद्धी पुण्यातल्या भाडेकरूला सुचली असती, तर त्याने ते माकडाला दिलं असतं.

यानंतरचा प्रकार निष्ठेच्या दृष्टीने महत्त्वाचा. 1983 च्या सुमाराला अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार साफ झोपला. इतका रद्दी माल निघाला होता की लोकांचा विश्वासच उडाला. अटारी कंपनीने आपला न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरला. 2014 मध्ये तो पुन्हा उकरून काढला नि त्यातल्या काही पेट्या वस्तुसंग्रहालयात गेल्या. असल्या मसणवट्यात निन्टेन्डोने 1985 साली दुकान मांडलं. व्हिडिओ गेम म्हटलं की दुकानदार दार लावायचे, म्हणून सोबत एक यंत्रमानव दिला आणि हे खेळणं आहे म्हणून सांगितलं. बाहेरच्या कंपन्यांना बजावलं की वर्षाला पाचच खेळ काढायचे, तेही आमचा शिक्का घेऊन. 1988 पासून मासिक काढलं, खेळात अडकलेल्या पोरांना वाट सांगायला फोनवर माणसं बसवली. विचार करा, दहा वर्षांचं पोरगं राक्षसाच्या किल्ल्यात अडकलंय नि फोनवरचा काका गंभीरपणे सांगतोय, "डावीकडच्या भिंतीवर बाँब टाकून बघ." असं पोरगं जन्मात दुसरीकडे जातं का?

आता तुम्ही म्हणाल, आपला भाचा सांगलीचा. त्याला कुठला फोन नि कुठला काका?

तेच तर मजेचं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे टीव्हीला जोडायचे डबे आले, ते बहुतेक या जपानी यंत्राच्या चिनी नकला. त्यात कॅसेट खुपसायची. तिच्यावर 9999 खेळ लिहिलेले आणि आत पंधरा-वीस, तेच ते नाव बदलून. चालली नाही तर शंखासारखी तोंडाला लावून फुंकायची. या डब्यावर क्योटोच्या कंपनीचं नाव नसे. भाच्याच्या पिढीतल्या हजारो मराठी पोरांनी मारिओवर जीव लावला तो कंपनीला छदाम न देता आणि कंपनीचं नाव ठाऊक नसताना. पुढे नोकऱ्या लागल्या, परदेशवाऱ्या झाल्या, तेव्हा यांनी खरं यंत्र दामदुपटीने आणलं. लहानपणी देवळाच्या मागच्या दाराने जाऊन प्रसाद खाल्ला, मोठेपणी अभिषेक घातला. कंपनीच्या वहीत या भक्तांची नोंद मोठेपणापासून सुरू होते. भक्त मात्र धरतात सहाव्या वर्षापासून.

निष्ठा नुसती असून भागत नाही, याचा पुरावा सेगा. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांत दोन तालमी होत्या, एक मारिओची आणि एक सेगाच्या निळ्या सोनिकची. सेगाने यंत्रं भराभर काढली. जोडयंत्र 1994 मध्ये, नवीन यंत्र 1995 मध्ये, तेही ठरल्या तारखेआधी अचानक, काही मोजक्या दुकानांत. ज्यांच्याकडे माल आला नाही ते दुकानदार रुसले, ज्यांनी आदल्या वर्षी पैसे घातले होते ते ग्राहक चिडले. 1998 चं ड्रीमकास्ट खरोखर चांगलं होतं, पण तोवर लोक पोळले होते. जानेवारी 2001 मध्ये यंत्रं करणं बंद केल्याचं जाहीर झालं. तेव्हाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी तगावी म्हणून स्वतःचे हजारो कोटी येन तिला देऊन टाकले नि त्याच मार्चमध्ये ते वारले. वर्ष सरायच्या आत सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर उड्या मारत होता. एका तालमीचा पठ्ठ्या दुसरीच्या लाल मातीत! म्हाताऱ्या वस्तादांच्या डोळ्यांत पाणी येणार नाही तर काय? ड्रीमकास्टसाठी मात्र हौशी लोक अजून नवे खेळ लिहितात. दुकान बंद झालं तरी गिऱ्हाईक पायरीवर बसलेलं आहे.

निन्टेन्डोवरही पाळी आली होती. 2006 चं वी हे यंत्र दहा कोटींवर खपलं, वृद्धाश्रमातल्या आजीबाई दिवाणखान्यात बोलिंग खेळू लागल्या, आणि जुने भक्त कुरकुरले की आता आम्हाला कोण विचारतो. 2012 मध्ये त्याचा धाकटा भाऊ आला, वी यू. आजीबाईंना वाटलं, हा जुन्याचाच एखादा सुटा भाग. नग गेले सुमारे 1 कोटी 35 लाख. म्हणजे दहा कोटींतले आले किती नि पाहुणे किती, हे एका झटक्यात कळलं.

त्या काळातल्या सातोरू इवाता या अध्यक्षाबद्दल मला आदर वाटतो. मूळचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. 2011 साली नवं छोटं यंत्र महाग म्हणून पडून राहिलं. सहा महिन्यांच्या आत किंमत खूप उतरवावी लागली, तेव्हा आधी घेणाऱ्यांना वीस जुने खेळ फुकट दिले आणि स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. 2014 मध्ये पुन्हा तसंच केलं. तोटा झाल्यावर साहेबाने आधी स्वतःच्या पाकिटात हात घालायचा, हा प्रकार आपल्याकडच्या कारखान्यांत मी तरी पाहिला नाही. 2015 च्या जुलैत, पंचावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या देखरेखीखाली सुरू झालेलं स्विच 2017 मध्ये आलं आणि पंधरा कोटींच्या वर गेलं.

पण हीच कंपनी भक्ताच्या हातातला टाळ काढून घेते, तेही सांगितलं पाहिजे. अर्जेंटिनातल्या एका चाहत्याने 1991 च्या एका जुन्या खेळाचं नवं रूप दहाएक वर्षं खपून केलं, 2016 मध्ये फुकट वाटलं, आणि लगेच वकिलांची नोटीस निघाली. कायद्याने कंपनीचं बरोबर होतं. पुढल्या वर्षी तिने त्याच खेळाचं स्वतःचं नवं रूप विकायला आणलं. मार्च 2023 मध्ये दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद झाली. त्यांतले पुष्कळ खेळ आता विकत घ्यायचे म्हटले तरी मिळत नाहीत. त्याच वर्षीच्या एका अमेरिकन पाहणीत आढळलं की 2010 पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात उपलब्धच नाहीत. हे फक्त निन्टेन्डोचं नाही, सगळ्या धंद्याचं आहे. पण लहानपण विकणाऱ्याने ते गोदामातून नाहीसं होऊ द्यावं, हे मला पटत नाही.

2025 च्या जूनमध्ये स्विच 2 आलं. 450 डॉलरचं यंत्र, एकेका खेळाला 80 डॉलरपर्यंत. आधी दाखवलं तेव्हा 'किंमत उतरवा' म्हणून लोकांनी आकांडतांडव केलं. काही खेळांच्या डबीत खेळच नाही, तो उतरवून घ्यायची नुसती किल्ली. म्हणजे लाडवाचा डबा उघडावा नि आत हलवायाच्या दुकानाचा पत्ता निघावा. एवढं होऊन पहिल्या चार दिवसांत 35 लाख यंत्रं गेली.

"मग काय अडलंय तुमच्या कंपनीचं?" मी भाच्याला विचारलं. "शिव्या देता नि रांगेतही उभे राहता."

"शिव्या आम्ही देतो हो," तो म्हणाला. "पोरं देत नाहीत. त्यांचं फोनवर फुकटात भागतं. आमची पिढी संपल्यावर रांगेत कोण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, नि कंपनीकडे अर्धवट आहे. तिने 2021 मध्ये ओसाकाला मारिओचं नगर उभं केलं, 2023 मध्ये सिनेमा काढला, म्हणजे नातवंडं आजोबांच्या बोटाला धरून यावीत. ऑक्टोबर 2024 मध्ये तर क्योटोजवळ उजी इथे, जिथे पूर्वी पत्ते तयार व्हायचे त्या जुन्या कारखान्यात, संग्रहालय उघडलं. तिथे योकोईचा चिमटा हातात घेता येतो, फुलांचे पत्ते स्वतः करून बघता येतात. तिकीट 3300 येन, पण पैसे आहेत म्हणून मिळत नाही. आधी अर्ज करायचा आणि मग सोडत निघते.

भाच्याने चार जणांचा अर्ज भरला आहे. चौथं नाव माझं.