मशीनच्या अंगावरचा नंबर

सुरतेच्या गोडादऱ्यात जुनं शिलाई मशीन घ्यायला गेलेली बाई आधी चाकाला हात घालते. जळगाव-धुळ्याकडून इथे आलेली, साड्यांना फॉल लावून संसाराला हातभार लावणारी ही बाई. चाक ती सावकाश आपल्याकडे फिरवते. कुठे अडलं तर आत गंज आहे किंवा काही वाकलंय. सुईचा दांडा चिमटीत धरून हलवते. तो डगडगला की भाव उतरला. मग पिशवीतून सिंथेटिक साडीचा तुकडा काढते, टीप मारते आणि कापड उलटून बघते. वरची टीप कुणीही छान दाखवतो, मशीनची तब्येत खालच्या टाक्यात कळते. मध्येच टाका सुटत असेल तर शटलचं टोक झिजलेलं असू शकतं, आणि सिंथेटिक कापडावर ते लगेच उघडं पडतं.

विकणाऱ्याचं बोट मात्र नंबरावर असतं. "सिंगर आहे ताई, विलायतेचं. नंबर तरी बघा."

हा नंबर आला कुठून? आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतलं, तेव्हा एका मशीनचा भाग दुसऱ्याला बसत नसे. कारागीर कानशीने घासून एकेक भाग जुळवत. कडक करायला ते भाग भट्टीत जात, आणि परतल्यावर ज्याचे त्यालाच बसावेत म्हणून त्यांच्यावर एकच नंबर ठोकलेला असे. एका अंगाचे अवयव एकमेकांपासून तुटू नयेत, एवढ्यासाठीच तो होता. पुढे १८५६ साली सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांची विक्री सुरू केली आणि तोच नंबर कर्जाच्या कागदावर चढला. जुनं मशीन आणून द्या, नव्याच्या किमतीत ५० डॉलर वळते करून घ्या, अशी सवलतही क्लार्कने काढली. आलेली जुनी मशीनं तो मोडून टाकी, वापरलेल्या मालाचा बाजारच उभा राहू नये म्हणून. बाजार तरीही उभा राहिला.

जुन्या मालाची अशी पारख बंदुकीच्या बाजारातही चालते. बंदुकीचा आणि शिवणयंत्राचा धंदा म्हणजे चुलत भावंडं. रेमिंग्टन कंपनीने दोन्ही बनवलं. लिव्हर-ॲक्शन रायफलीत ट्रिगरभोवतीची कडी खाली-वर केली की पुढची गोळी चढते. ती रायफल ज्याच्या नावाने जगभर गेली, तो ऑलिव्हर विंचेस्टर मुळात अमेरिकेतल्या न्यू हेवनचा शर्टवाला. शर्टांच्या कारखान्यातला पैसा त्याने बंदुकीत घातला आणि १८६६ साली आपल्या नावाची कंपनी काढली. आज अशी जुनी रायफल पारखणारे जाणकार पेचांची डोकी न्याहाळतात. खाच चेपली असेल तर कुणा अडाण्याने ती उघडली आहे. नळीवर नवा मुलामा चढवला असेल तर भाव घटतो. झिजलेला असला तरी मूळचाच मुलामा हवा. १९६४ साली विंचेस्टरने भाग स्वस्तात बनवायला सुरुवात केली, म्हणून त्याआधीच्या नंबरांना आजही जास्त मोल आहे. पेचाची आणि रंगाची ही परीक्षा मशीनलाही जशीच्या तशी लागू पडते. ताज्या काळ्या रंगाखाली काय झाकलंय, हे विचारायलाच हवं.

नंबराचं मात्र तसं नाही. संग्रहातली रायफल कपाटात जाते, इथलं मशीन उद्या सकाळी कामाला बसतं.

सिंगर आपल्याकडे रुजवलं ते मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. बरीच मशीनं स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमधून येत. तिथला कारखाना १८८५ साली उघडला आणि १९८० साली बंद झाला. १९०० पासून नंबराआधी इंग्रजी अक्षर लागू लागलं, त्यावरून मशीनचा जन्म कुठला आणि साधारण केव्हाचा हे कळतं. पण अशी मशीनं लाखोंनी निघाली. नुसत्या वयाला दाम मागणं मला अन्यायाचं वाटतं, कारण तो दाम फॉलच्या मजुरीतून फेडायचा असतो. जुनेपणाची भूल कुठवर जाते पाहा: २००९ साली सौदी अरबस्तानात अफवा उठली, की जुन्या सिंगरच्या सुईत मौल्यवान 'लाल पारा' असतो. लोकांनी लाखांच्या बोल्या लावल्या. सुईत पोलादाशिवाय काही नव्हतं.

भावाचा हिशेब बाईच्या बोटांवर असतो. वरची हद्द नव्या उषा मशीनची किंमत, खालची हद्द भंगारातल्या बिडाचा भाव. मधल्या जागेतून शटल वजा, पट्टा वजा, कापड सरकवणारे दात झिजले असतील तर तेही वजा. आकडा सांगून ती गप्प बसते. विकणारा पुन्हा नंबर दाखवतो. ती साडीचा तुकडा उलटा करून त्याच्यापुढे धरते आणि सुटलेल्या टाक्यावर नख ठेवते.