तुंडू आणि नागरिकत्वाचा कागद

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात इंग्रज मळेवाल्यांनी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, डोंगराळ मध्यभागात कॉफीची लागवड वाढवली, तेव्हा बी तोडणीच्या हंगामापुरते मजूर समोरच्या तमिळ मुलखातून येत आणि काम संपताच गावी परतत. १८६९ मध्ये पानांवर पडलेल्या तांबेरा रोगाने पुढील दोन दशकांत कॉफी नामशेष झाली, तिची जागा चहाने घेतली आणि चहाची खुडणी बारमाही असल्याने मजूर आता कुटुंबकबिल्यासह ‘लाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोंदट चाळींत कायमचे राहू लागले. या समाजाला स्थायिक केले ते चहाने, हे पुढील वादांत सोयीस्करपणे विसरले गेले.

मजूर आणणाऱ्या मुकादमाला ‘कंगाणी’ म्हणत. प्रवासखर्चासाठी त्याने दिलेली उचल मजुराच्या नावावर कर्ज म्हणून चढे आणि मळा सोडताना त्या कर्जाचा उलगडा करणारी ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी मिळाल्याशिवाय दुसऱ्या मळ्यावर काम मिळत नसे. नवा मळेवाला पुष्कळदा जुने कर्ज फेडून मजुराला घेई, म्हणजे मळा बदलला तरी कर्ज सुटत नसे. १९२१ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली.

कागदाची सत्ता मात्र संपली नाही. १९४७ च्या निवडणुकीत मतदान करून आपले प्रतिनिधी संसदेत पाठवणाऱ्या याच लोकांकडे १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वडिलांच्या किंवा त्याआधीच्या पिढ्यांच्या सिलोनमधील जन्माचा पुरावा मागितला, आणि तो ज्यांच्याकडे असणे जवळपास अशक्य होते, असे लाखो मजूर कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. १९६४ च्या सिरिमाओ–शास्त्री करारात सुमारे ९,७५,००० माणसांची वाटणी झाली: ५,२५,००० भारताकडे, ३,००,००० सिलोनकडे, तर उरलेल्या दीड लाखांचा निर्णय लांबणीवर टाकून १९७४ मध्ये त्यांचीही निम्मी-निम्मी विभागणी ठरली. ज्यांच्या भवितव्याचा हा हिशेब होता, त्यांच्या प्रतिनिधींना वाटाघाटीत स्थान नव्हते, आणि तो या कराराचा सर्वांत मोठा अन्याय होता. मागे उरलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सुटला. भारतात ‘परत’ पाठवलेल्यांपैकी अनेकांचा जन्म मळ्यांवरच झालेला होता. त्यांतील काही कुटुंबे तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी निलगिरीत उभारलेल्या मळ्यांवर पुन्हा चहाचीच पाने खुडू लागली.