पाट, काडीमोड आणि लेकराची भाकरी

पेशवाई बुडाल्यावर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : दख्खनच्या रयतेचा न्याय कोणत्या कायद्याने करावा? शास्त्र पुण्याच्या पंडितांपाशी होते. पाट आणि काडीमोडीचे निवाडे मात्र जातपंचायती करीत. आर्थर स्टील यांनी शास्त्र्यांना व जातीजातींच्या प्रमुखांना विचारून रूढी लिहून काढल्या. १८२७ साली तो ग्रंथ छापला गेला. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनने, जेथे कायदा नाही तेथे देशरिवाज प्रमाण मानला.

ही चौकशी निजामाच्या हद्दीपाशी थांबली. शेजारचे अहमदनगर तीत आले, बीड राहिले.

उत्तरे देणारे प्रमुख अर्थात पुरुषच. लग्न जमते कसे, मोडते कसे, दंड कोणी भरायचा, हे त्यांना चोख ठाऊक. लेकराची गोष्ट ओघात येई : पाट लावून गेलेल्या विधवेची मुले सहसा पहिल्या नवऱ्याच्या भावकीत राहत, अंगावर पिणारे तेवढे आईबरोबर जाई. त्याला पोसायचे कोणी, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

१८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा प्रश्न पंचांच्या पारावरून मॅजिस्ट्रेटपुढे नेला. मूल औरस असो वा अनौरस, ऐपत असलेल्या बापाने पोटगी द्यावी. मर्यादा महिना ५० रुपये. माझ्या मते या सबंध इतिहासातले सर्वांत शहाणे कलम हेच. लग्न खरे की खोटे हा वाद त्याने लेकराच्या ताटाआड येऊ दिला नाही.

आईचे तसे झाले नाही. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंच म्हणत मोकळी, न्यायालय म्हणे बांधलेली.

ब्रिटिश भारताची ही संहिता बीडला लागू झाली ती १ एप्रिल १९५१ रोजी. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीची काडीमोड शाबूत ठेवली. मात्र ती रूढी प्राचीन व अखंड आहे, हे सांगणाऱ्यानेच सिद्ध करायचे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने, पहिली पत्नी हयात असताना केलेल्या लग्नाच्या बायकोला पोटगी नाकारली. मुलाचा हक्क कलमात तसाच राहिला.

आता प्रश्न येतो बापाच्या कमाईचा. बीडहून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल सहसा नवऱ्याच्या हाती पडते, आणि कोयत्याच्या हिशेबात त्याची किती, तिची किती, हे वेगळे लिहिलेलेच नसते.