चार चाकांचा जोर : नित्य की नैमित्तिक?

धर्मशास्त्राने कर्मांत नित्य आणि नैमित्तिक असा भेद केला आहे. संध्या रोजची, ग्रहणाचे स्नान मात्र ग्रहण लागले म्हणजेच. मोटारीच्या इतिहासात हाच भेद अगदी निराळ्या संदर्भात उपस्थित झाला. इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचवण्याची सोय ज्या मोटारीत आहे, तिच्यात तो जोर चारी चाकांना सदासर्वदा मिळावा, की एरवी दोनच चाकांवर गाडी चालावी आणि चिखल, वाळू किंवा बर्फ असे काही निमित्त घडले म्हणजे चालकाने एक दांडी ओढून उरलेली दोन चाके कामाला जुंपावीत? पहिल्या प्रकाराला फुल-टाइम आणि दुसऱ्याला पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह म्हणतात. नुसत्या चिखलात किंवा नुसत्या वाळूत या दोहोंतील फरक फारसा जाणवत नाही. तो उघडा पडतो थंड मुलखातील हिवाळ्यात. कारण हिवाळ्यातला डोंगरी रस्ता कधी एकजिनसी नसतो. उन्हाच्या अंगाला कोरडे डांबर, वळण घेताच सावलीत काचेसारखा गोठलेला पापुद्रा, पुढे मैलभर भुसभुशीत हिम आणि त्यानंतर पुन्हा कोरडे डांबर, असा तो बदलत जातो.

या वादाचे मूळ समजण्यासाठी खळ्यावरची मळणी डोळ्यांपुढे आणावी. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्यालगतचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो, आणि कडेच्या बैलाला लांबचा फेरा पडतो. वळणावर मोटारीच्या चाकांचेही तसेच होते. चारही चाके निरनिराळ्या लांबीचे फेरे घेतात. बैलगाडीचे प्रत्येक चाक आसावर मोकळे फिरते, म्हणून तिथे प्रश्नच उद्भवत नाही. मोटारीच्या चाकांना जोर इंजिनाकडून येतो. सबब डाव्या व उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी बसवावी लागते. दोन्ही चाकांना जोर मिळावा आणि तरीही ती आपापल्या वेगाने फिरावीत, ही त्या पेटीची करामत. पुढच्या चाकांनाही जोर द्यावयाचा तर पुढेही अशीच एक पेटी आली. परंतु एवढ्याने भागत नाही. वळणावर पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा मोठा फेरा घेते. पुढचा आणि मागचा शाफ्ट जर एकमेकांशी पक्के जखडलेले असतील, तर हा फरक कुठे जिरावा? बर्फावर चाके किंचित घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरावयास तयार नसतो. मग शाफ्ट आणि दंतचक्रे यांच्यात मरोड साठत जाते, गाडी वळणावर अडखळते, टायर झिजतात, प्रसंगी दातेही तुटतात.

यावर दोन तोडगे निघाले. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल बसवावे, हा नित्य पंथ. कोरड्या रस्त्यावर दोन चाकांचा जोर काढून घ्यावा, हा नैमित्तिक पंथ. पहिल्यात खर्च वाढतो, वजन वाढते आणि एक खोडही येते. डिफरन्शियलचा स्वभाव असा की, ज्या चाकाला कमी विरोध ते चाक गरगरू लागते. मधले डिफरन्शियल मोकळे असले तर चारांपैकी एकच चाक गुळगुळीत बर्फावर सापडावे, की ते एकटे फिरत राहते आणि बाकीची तीन स्वस्थ बसतात. म्हणून त्या डिफरन्शियलला कुलूप घालण्याची व्यवस्था करावी लागली. दुसरा पंथ स्वस्त आणि दणकट. पण त्यात निमित्त ओळखण्याचे काम माणसाकडे राहते.

पेट्रोलच्या इंजिनावर चारही चाके चालवणारी पहिली मोटार हॉलंडमधील स्पायकर बंधूंची, 1903 सालची. ती शर्यतीसाठी घडवलेली नवलाईची वस्तू होती. तिचा वंश काही वाढला नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल या गावी ऑटो झॅको आणि विल्यम बेसरडिच यांनी 1908 च्या सुमारास ही कल्पना व्यवहारात आणली, आणि पहिल्या महायुद्धात त्यांच्या कंपनीचे ट्रक हजारोंनी युरोपच्या चिखलात उतरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हे ट्रक नित्य पंथाचे होते. त्यांत मधले डिफरन्शियल होते आणि त्याला कुलूपही होते. म्हणजे नित्य पंथ हा मागाहून सुचलेला सुधारित विचार, आणि नैमित्तिक पंथ जुनापुराणा, असा जो समज आढळतो त्याला आधार नाही.

नैमित्तिक पंथाचा प्रसार केला जीपने. 1941 ते 1945 या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. लष्कराला गाडी हलकी हवी होती, स्वस्त हवी होती, आणि कोणत्याही शिपायाला दुरुस्त करता येईल अशी हवी होती. मधले डिफरन्शियल या हिशेबात बसले नाही. चालकाच्या हाताशी एक दांडी आली. पक्क्या रस्त्यावर मागची दोन चाके, आणि रस्ता सुटला की चारी. युद्ध संपल्यावर जगभर जे मेकॅनिक आणि चालक तयार झालेले होते ते या एकाच शाळेत शिकलेले होते. पुढील कित्येक वर्षे ‘फोर बाय फोर’ म्हणजे दांडीची गाडी हे समीकरण टिकले, त्याचे कारण यंत्रशास्त्रात कमी आणि या शाळेत अधिक आहे.

इंग्लंडमध्ये लँड रोव्हर 1948 च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. आरंभीच्या लँड रोव्हरला सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एक युक्ती होती. जोर चारी चाकांना मिळे. परंतु वळणावर पुढची चाके पुढे धावू लागली म्हणजे ती मोकळी सुटत. खाली एक कडी होती, ती ओढली की ही मोकळीक बंद. मधले डिफरन्शियल न बसवता नित्य पंथ साधण्याची ही धडपड मोठी कौतुकास्पद होती. पण 1950 मध्ये कंपनीने ती सोडून दिली आणि जीपचीच दांडी पत्करली. त्याच कंपनीने 1970 मध्ये रेंज रोव्हर काढली तेव्हा मात्र तीत कुलपासह मधले डिफरन्शियल बसवून ती पुन्हा नित्य पंथाकडे आली.

दरम्यान एका हट्टी माणसाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले होते. अल्स्टरचे हॅरी फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे जगाला ठाऊक आहेत. उतारवयात त्यांनी दुसराच ध्यास घेतला. चार चाकांचा जोर ही शेताची आणि रणभूमीची गोष्ट आहे, हे त्यांना मान्य नव्हते. ओल्या, निसरड्या सडकेवर सामान्य कुटुंबाची मोटार घसरते आणि माणसे दगावतात. तिथेच या जोराची खरी गरज आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि तिथे तो जोर नित्यच असला पाहिजे, कारण घसरण सांगून येत नाही. गाडी घसरू लागल्यावर दांडी शोधणाऱ्या चालकाला ती दांडी कशी उपयोगी पडावी? फर्ग्युसन 1960 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, 1961 च्या सप्टेंबरात, त्यांच्या संस्थेने बांधलेली चारही चाकांना जोर देणारी शर्यतीची मोटार घेऊन स्टर्लिंग मॉस यांनी औल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. 1966 मध्ये याच पद्धतीवर जेन्सन एफएफ ही महागडी मोटार निघाली. तिला चाके जखडू न देणारे ब्रेकही होते. अशा अवघ्या 320 मोटारी तयार झाल्या. ज्या सामान्य कुटुंबासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या दारात ती कधी उभी राहिली नाही.

जपानमध्ये ही गरज वरून नव्हे, खालून आली. होन्शू बेटाच्या उत्तरेकडील तोहोकू प्रदेशात हिवाळ्यात प्रचंड हिमवर्षाव होतो. तेथील वीज कंपनीच्या कामगारांना डोंगरातील तारा आणि खांब सांभाळण्यासाठी जीपसारख्या गाड्यांतून जावे लागे. गाडी बर्फातून जाई खरी, पण आत बसणाऱ्यांचे थंडीने हाल होत. जीपसारखी चढणारी आणि साध्या मोटारीसारखी उबदार अशी गाडी मिळेल काय, अशी विचारणा मियागी प्रांतातील सुबारू विक्रेत्याकडे झाली. तेथील तंत्रज्ञांनी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एका लहान व्हॅनला मागचा ॲक्सल जोडून 1971 मध्ये नमुना तयार केला, आणि 1972 मध्ये सुबारूने लिओन ही गाडी बाजारात आणली. ती नैमित्तिक पंथाचीच होती. एरवी पुढची चाके ओढीत, दांडी ओढली की मागची येऊन मिळत. तारा दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते पुरेसे होते. कोणत्या वळणानंतर बर्फ लागणार हे त्याला रोजच्या सरावाने ठाऊक असे, आणि एकदा बर्फ लागला की तो सलग असे.

नित्य पंथाला सामान्य मोटारीत प्रतिष्ठा मिळाली ती जर्मनीत, आणि त्या कथेत एका गृहिणीचा वाटा आहे. 1976-77 च्या हिवाळ्यात फिनलंडमधील बर्फावर आउडी कंपनीच्या चाचण्या चालू होत्या. योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याच्या लक्षात आले की, सोबतीला आणलेली फोक्सवॅगनची इल्टिस ही 75 अश्वशक्तीची ओबडधोबड लष्करी गाडी अधिक शक्तीच्या सुबक मोटारींना मागे टाकते आहे. त्यांनी फर्डिनांड पिएश यांच्याकडे प्रस्ताव मांडला, आणि नमुना तयार झाला. 1978 च्या जानेवारीत ऑस्ट्रियातील टुराखर ह्योहे या घाटात शेकडा 23 चढाची हिमाच्छादित वाट ही मोटार साध्या उन्हाळी टायरांवर, साखळ्यांवाचून चढून गेली. सर्वांची खात्री पटली. परंतु त्या नमुन्यात मधले डिफरन्शियल नव्हते. पुढची आणि मागची चाके सदैव जखडलेली होती. फोक्सवॅगनचे संशोधनप्रमुख एर्न्स्ट फियाला यांच्या पत्नी ती मोटार घेऊन व्हिएन्ना शहरात बाजारहाटाला गेल्या, आणि गाडी उभी करताना आखूड वळणावर ती उड्या मारते अशी तक्रार घेऊन परतल्या. हिमाच्या घाटात जी मरोड कोणाला दिसली नव्हती, ती शहरातल्या कोरड्या फरसावर दिसली. अभियंत्यांना मधले डिफरन्शियल बसवणे भाग पडले. त्यासाठी निराळी जड पेटी न वाढवता त्यांनी गिअरपेटीतला सुमारे 26 सेंटिमीटर लांबीचा शाफ्ट पोकळ केला. जोर त्या पोकळ शाफ्टमधून मागे डिफरन्शियलपर्यंत जाई आणि तिथून आतल्या बारीक शाफ्टने पुढच्या चाकांकडे परत येई. 1980 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो प्रकट झाली.

याच्या नेमके उलट दृश्य त्याआधी अमेरिकेत दिसले होते. 1973 च्या जीपगाड्यांत नित्य पद्धतीची यंत्रणा आली, आणि पाठोपाठ मोठ्या पिकअप ट्रकांतही. त्याच वर्षी तेलाचा भाव भडकला. नित्य पद्धतीत पुढचे शाफ्ट, दंतचक्रे सदैव फिरत राहतात आणि पेट्रोल थोडे अधिक जळते. अनेक मालकांनी तयार सामग्री विकत आणून आपल्या ट्रकांचे मधले डिफरन्शियल निकामी केले आणि नैमित्तिक पद्धत परत आणली. 1980 च्या सुमारास कारखान्यांनीही तीच वाट धरली. ज्याला वर्षातून पंधरा दिवस बर्फ भेटतो त्याने तीनशे पन्नास दिवस त्याची किंमत का मोजावी, या प्रश्नात तथ्य होतेच.

भारतात जीपची जुळणी मुंबईत माझगावला 1949 मध्ये सुरू झाली, आणि आपल्याकडेही दांडीचीच परंपरा रुजली. 1985 मधील जिप्सी तिच्यातलीच, आणि आजच्या थार व जिम्नी याही. 1960 मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाल्यावर हिमालयात मोटारीचे रस्ते वाढत गेले, तरी सामान्य प्रवाशाचा हिवाळ्यातल्या बर्फाशी संबंध बेताचाच होता. बर्फ पडला की खिंडी बंद होत. 2020 च्या ऑक्टोबरात रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाला आणि हे चित्र बदलले. पुण्यामुंबईचे कुटुंब आता जानेवारीतही मनालीहून लाहौलात उतरू शकते.

जुना वाद तिथे जिवंत पाहावयास मिळतो. हिमवर्षाव झाला की चारही चाकांना जोर असलेल्या किंवा साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच सोलंगच्या बाजूने पुढे सोडण्याची पोलिसांची वहिवाट आहे. गाडी नित्य पंथाची की नैमित्तिक, याची चौकशी त्या अडसरापाशी होत नाही. बोगद्यापर्यंतची वाट दिवसा वितळलेल्या आणि रात्री गोठलेल्या पाण्याची, आत 9.02 किलोमीटर छपराखालचा रस्ता. पलीकडच्या तोंडाशी, समुद्रसपाटीपासून 3,000 मीटरांहून अधिक उंचीवर, पुन्हा बर्फ. नित्य पद्धतीच्या गाडीच्या चालकाला यांपैकी कशाचीही दखल घ्यावी लागत नाही. दांडीच्या गाडीत मात्र बाहेरच्या बर्फावर पडण्यापूर्वी, गाडी सरळ रेषेत असतानाच दांडी पडली पाहिजे; आणि पुढे केलाँगच्या वाटेवर कोरडे डांबर लागले की ती परतही काढली पाहिजे. मैदानातून प्रथमच आलेल्या चालकाकडून ही अपेक्षा करणे कठीण, आणि अशा बदलत्या वाटेवर नित्य पद्धतच सरस ठरते. दुर्गम गावी बर्फ तुडवीत जाणारा, दुरुस्ती स्वतःच करणारा माणूस दांडीचीच गाडी मागेल, आणि त्याचेही बरोबर असेल.

चढावर दोन्ही पंथांनी येणारा धीर उतारावर मात्र फसवा असतो. ब्रेक प्रत्येक मोटारीचे चारही चाकांवरच लागतात. त्यांत जोराच्या चार चाकांची भर काही पडत नाही. उताराच्या गोठलेल्या वळणावर गाडी थांबते की दरीकडे सरकते, हे टायरचे रबर आणि चालकाने आधीच आवरलेला वेग ठरवतात. टुराखरच्या घाटात त्या मोटारीने उन्हाळी टायरांवर पराक्रम गाजवला तो चढताना.