होड्या कोठे गेल्या?

बंगळूरला समुद्र नाही. सुमारे ३,००० फूट उंचीवर वसलेल्या या नगरातून पश्चिम किनारा गाठावयाचा म्हणजे घाट उतरून रात्रभराचा प्रवास करावा लागतो. तरीही येथील हौशी छायाचित्रकारांना समुद्राचे विलक्षण वेड आहे. शनिवारी रात्री निघून पहाटे मलपे किंवा गोकर्ण येथील खडकांवर तिपाई रोवणारी कितीतरी तरुण मंडळी माझ्या परिचयाची आहेत. अशाच एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात मालवणच्या खडकाळ किनाऱ्याचे एक मोठे चित्र टांगलेले आहे. काळे, ओले खडक. त्यांच्याभोवती ना लाट, ना फेस, केवळ दुधासारखे धुके. चित्र देखणे आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या आजीने, जिचा जन्म त्याच किनाऱ्यावर गेला, चष्मा पुसून ते पुन्हा पुन्हा न्याहाळले आणि विचारले, “होड्या कुठं गेल्या रे?” नातू हसून म्हणाला, “होत्या ना आजी. पण हलत होत्या, म्हणून उमटल्या नाहीत.”

या उत्तरात छायाचित्रणाच्या इतिहासाचा पहिला अध्याय येऊन जातो, हे त्याच्या ध्यानी नसावे.

आज भिंगापुढे एक काळसर काच बसवितात. ती प्रकाश हजारपट मंद करते. मग एक अष्टमांश सेकंदाचे काम दोन मिनिटांवर जाते, आणि तेवढ्या वेळात आलेल्या-गेलेल्या साऱ्या लाटा एकमेकींत विरघळून धुके होतात. हा झाला स्वेच्छेने पत्करलेला विलंब. आरंभीच्या काळी तो अपरिहार्य होता. दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यात गाड्या नाहीत, गर्दी नाही. जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी जागीच उभा राहिलेला एक मनुष्य तेवढा उमटला आहे. जो थांबला तो इतिहासात राहिला, बाकीचे शहर वाहून गेले!

आता आपल्या बंगळूरकडे वळू. लिनियस ट्राइप हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी. इंग्लंडातील एका बंदराच्या गावी १८२२ मध्ये त्याचा जन्म झाला, आणि रजेवर मायदेशी असता त्याने घेतलेल्या चित्रांत गोदीतील जहाजे आहेत. परंतु ती गोदीतली, म्हणजे स्थिर! १८५४ च्या डिसेंबरात त्याने हळेबीड-बेलूरची मंदिरे टिपली. पुढील वर्षी तो ब्रह्मदेशास गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर गेला, आणि तेथील १२० चित्रांचे संच बंगळूरातच छापून तयार झाले. तो मेण लावलेला कागद वापरीत असे. ही पद्धत गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच कलावंताने १८५१ च्या सुमारास प्रसिद्ध केली होती. हा कागद आगाऊ तयार करून ठेवता येई, म्हणून उष्ण प्रदेशात सोयीचा. पण त्याची गती फार मंद, चित्र उमटावयास मिनिटे लागत.

त्या काळच्या रसायनांस निळा रंग पांढऱ्यासारखाच भासे. त्यामुळे आकाश कोरे पडे आणि मेघ नाहीसे होत. ट्राइपने यावर उपाय केला तो असा, की ऋणचित्रावर हाताने ढग रंगविले. स्वतः ल ग्रे याने १८५६-५७ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर जी सागरचित्रे घेतली, त्यांपैकी काहींत आकाश एका काचेवर आणि पाणी दुसरीवर घेऊन दोन्ही जोडली. समुद्राचे पहिले गाजलेले छायाचित्रण असे सांध्याचे आहे. आजच्या तरुणांवर ‘हे खरे नव्हे’ म्हणून रागावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मात्र खरी अडचण समुद्राची नव्हे, माणसांची आहे. ट्राइप १८५८ मध्ये तंजावरास गेला. तेथील अखेरचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये निवर्तले होते आणि राज्य कंपनीने खालसा केले होते. बृहदीश्वराच्या पायथ्यावरील शिलालेख त्याने २१ चित्रे जोडून सुमारे १९ फूट लांबीच्या पट्टीत उतरविला. हे काम अपूर्वच. पण त्याच्या मंदिरचित्रांतील प्रांगणे बहुधा निर्मनुष्य दिसतात. ती पाहून एखाद्या वाचकास वाटावे, की राज्य गेले आणि नगरही ओस पडले. वस्तुतः कोण जाणे किती भाविक, किती फुलविक्ये त्या मिनिटांत भिंगासमोरून गेले असतील! कागदाला ते दिसले नाहीत, एवढेच. जुनी चित्रे पुरावा म्हणून वाचणाऱ्या आपल्या संशोधकांनी ‘आहे’ यावर विश्वास ठेवावा. ‘नाही’ यावर ठेवताना घड्याळाकडे पाहावे.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण मंडळ स्थापन झाले. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी त्याचे सभासद होते. हे घराणे गोमंतकातले. तरी नारायण दाजींची ख्याती आहे ती माणसांच्या चित्रांसाठी. ते स्वाभाविकच होते. माणसाला पाठीमागे लोखंडी टेकू लावून ‘हलू नका’ असे सांगता येते. लाटेला कोण सांगणार?

पुढे १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दशकभरात सेकंदाच्या अंशात चित्र येऊ लागले. मुंबईकरांनी हलती लाट पडद्यावर पाहिली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंच्या त्या खेळात आगगाडीबरोबर समुद्रस्नानाचेही एक दृश्य होते. प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, हे छायाचित्रकार होते असे सांगतात. त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. अरबी समुद्र तेथून खाली दिसतो. त्यांचे यंत्र मात्र पैलवानांकडे वळले.

माझ्या स्नेह्याने गेल्या दिवाळीत मालवणला पुन्हा तिपाई लावली. या वेळी त्याने एकाच जागेवरून दोन चित्रे घेतली: एक दोन मिनिटांचे, एक क्षणाचे, आणि ल ग्रेप्रमाणे दोन्ही जोडली. धुक्यात आता तीन होड्या आहेत. आजीने खडकांकडे लक्षच दिले नाही. मधल्या होडीवर बोट ठेवून तिने विचारले, ही कोणाची. नातवाला ते ठाऊक नव्हते.