शब्दवेध : डेकलडोझे

झाकण असलेल्या भांड्याला जर्मन कुंभार ‘डेकलडोझे’ म्हणतात. ‘डोझे’ म्हणजे डबा, ‘डेकल’ म्हणजे झाकण. ‘डेकल’ आला ‘डेकेन’, म्हणजे झाकणे, या क्रियापदावरून. छपराला ‘डाख’ म्हणतात, तोही याच कुळातला. अभ्यासक या कुळाशी संस्कृत ‘स्थग्’ धातूचं नातं जोडतात. त्याचाही अर्थ झाकणे. म्हणजे सभा ‘स्थगित’ करताना आपण मूळ अर्थानं तिच्यावर झाकणच ठेवतो! आता पुन्हा भांड्यांकडे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेची कुंभारशाळा १९२० साली डोर्नबुर्गला सुरू झाली. थिओडोर बोगलर, ओटो लिंडिग हे कुंभार तिथलेच. झाकणाच्या भांड्यांसाठी नावाजलेले. अशी भांडी घेताना संग्राहक तळावरची कुंभाराची खूण बघतात आणि झाकण मूळ जोडीचंच आहे ना, तेही. रंग, झिलई, बैठक जुळायला हवी. दुसऱ्या भांड्याचं झाकण बसवलेलं असलं, तर किंमत घसरलीच म्हणायची.