एस्केप दाबा आणि आत या!

विंडोज ९५ किंवा ९८ वापरलेल्या मंडळींना ती छोटी खिडकी आठवत असेल. कॉम्प्युटर सुरू केला की नाव आणि पासवर्ड विचारायची. पासवर्ड आठवत नसेल तर? सरळ एस्केप दाबायचं, डेस्कटॉप समोर हजर!

आपण हसायचो, पण खरं तर तो पासवर्ड पहारेकरी नव्हताच. नेटवर्कवरचे पासवर्ड आणि ज्याची त्याची वॉलपेपरची आवड जपणं, एवढंच त्याचं काम. डिस्कवरच्या फॅट फाइल सिस्टिममध्ये फाइल कोणाची, हे लिहून ठेवायला जागाच नव्हती. मालकच नाही, तर कुलूप कशाला लावणार?

मग ही अकाउंटची भानगड आली कुठून? त्यासाठी १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जावं लागेल. फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी तिथे सीटीएसएस नावाची सिस्टिम बनवली. एक अवाढव्य मशीन आणि ते वाटून वापरणारे अनेक जण. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या, प्रत्येकाला मिळणारा वेळ मोजून. म्हणून पासवर्ड आले. आणि १९६२ मध्येच ॲलन शेर नावाच्या संशोधकाने जास्त वेळ मिळवण्यासाठी सगळ्यांच्या पासवर्डची फाइल चक्क छापून घेतली!

अशा अनुभवांतून एमआयटीतल्याच सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये एका लेखात सुरक्षेची काही तत्त्वं मांडली. त्यातलं एक अगदी साधं: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला कामापुरतेच अधिकार द्या. म्हणजे चूक झालीच, तर नुकसानही तेवढ्यापुरतंच.

गंमत बघा, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि हे सगळं बाजूला पडलं. एक माणूस, एक मशीन. वाटून घ्यायचंच नाही, तर अकाउंट कशाला? डॉसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम घराचा मालक. आपल्याकडे तर आई-बाबा, ताई, दादा असं अख्खं घर एकाच पीसीवर, तरी मालक सगळेच!

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी आणली. त्यात खरी अकाउंट होती, आणि एनटीएफएसमध्ये फाइलला मालकही होता. २००१ मध्ये एक्सपीमार्फत हेच इंजिन घरोघरी पोचलं. पण सवय तशीच राहिली. एक्सपी बसवताना तयार होणारं प्रत्येक अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, तेही बिनपासवर्डचं! का? कारण जुने प्रोग्रॅम आपणच मालक आहोत असं धरून लिहिलेले. साध्या अकाउंटवर ते अडून बसायचे.

२००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा बाजारात आली. तिने मध्येच थांबवून 'परवानगी आहे का?' विचारायला सुरुवात केली. लोक इतके वैतागले की अनेकांनी ते बंदच करून टाकलं. २००९ मध्ये विंडोज ७ ने हे प्रश्न कमी केले.

मला यातली खरी मेख अशी वाटते: घरातल्या पीसीवर अकाउंट म्हणजे चोराला अडवणारं दार, असं आपण समजतो. पण चोर हल्ली दारातून येत नाही. आपणच डबल-क्लिक करून त्याला आत घेतो आणि तो आपल्याच नावाने, आपल्याच अधिकारांनी वावरतो. कुलूप कितीही भक्कम असलं, तरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारे आपणच.

आजही विंडोज ११ बसवताना होणारं पहिलं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच असतं. तेव्हा या वीकेंडला आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं द्या. रोजच्या कामासाठी त्यांना साधं, म्हणजे स्टँडर्ड, अकाउंट काढून द्या आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड वेगळा ठेवा. त्यांच्या स्वतःच्या फायली यानेही धोक्यात येऊ शकतात, त्यामुळे बॅकअप हवाच. पण एका चुकीच्या क्लिकने अख्खं मशीन परक्याच्या हाती जाणं बरंच अवघड होईल.

कुणी 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं विचारलंच, तर सांगा, विश्वास तुमच्यावर आहे हो, त्या डबल-क्लिकवर नाही!